अकरा मजले चढू द्या, पण भाडेकरूला टिकू द्या

मा. नगरविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

मी पुण्याच्या शुक्रवार पेठेत जन्मलो, अजूनही तिथेच राहतो. आमच्या शेजारचा वाडा पाडून अकरा मजली इमारत उभी राहिली आहे. तिच्यातला एकही फ्लॅट विकलेला नाही, सगळे भाड्याने. २९ सप्टेंबर २०२४ ला मंडईचं भुयारी मेट्रो स्थानक सुरू झालं. स्थानकापासून ५०० मीटरच्या आत जादा एफएसआय, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करायची परवानगी, मिळतो, तेव्हा अशा इमारती आता वाढणारच.

वाढू देत. पेठा भाडेकरूंनीच वसवल्या आहेत, आम्हीही भाडेकरूच. त्या वाड्यात चौदा बिऱ्हाडं होती, चौकात एक नळ आणि त्यावरून रोजची भांडणं. घर कुणाच्याच मालकीचं नव्हतं, तरी तीन-तीन पिढ्या तिथे राहिल्या, कारण कायदा पाठीशी होता. भाडं मात्र इतकं तुटपुंजं, की मालकाला कौलं बदलणंही परवडेना. वाडा कधीतरी पडणारच होता, हे मी मान्य करतो.

नव्या इमारतीत करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे भाडेकरूचा हक्क न देता नुसती राहायची परवानगी. दोन खोल्यांत सहा कॉट. स्पर्धा परीक्षांची मुलं आहेत, रात्री दोन-दोनपर्यंत खिडकीत दिवा दिसतो. गुणी मुलं आहेत, पण नाव कळेपर्यंत ती गेलेली असतात.

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे उधारीची लाल वही आहे. वाडा होता तेव्हा पगार झाला की माणसं येऊन हिशेब चुकता करायची, वाणीही चार दिवस थांबायचा. नव्या इमारतीतल्या एकाचंही नाव त्या वहीत नाही. जो पुढच्या महिन्यात असेल की नाही ठाऊक नाही, त्याला उधार कसं द्यायचं? वाड्याच्या दर्शनी बाजूला पाच गाळे होते. इस्त्रीवाला होता, गिरणी होती, सायकलचं दुकान होतं. आता तिथे पार्किंग आणि लोखंडी फाटक. संध्याकाळी सातनंतर रस्त्याचा तेवढा तुकडा अंधारात असतो, बायका पलीकडच्या बाजूने जातात. गणपतीच्या वर्गणीला गेलो तर वॉचमन फाटकातूनच परत पाठवतो. गेल्या वर्षी अकरा मजल्यांत मिळून तीन पावत्या फाटल्या.

साहेब, नुसता प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामाचं शुल्क, भरून घेऊन जादा एफएसआय देऊ नका. भाड्यासाठी इमारत बांधणाऱ्याने निम्मी घरं तरी पाच वर्षांच्या नोंदणीकृत कराराने द्यावीत आणि भाडेवाढ करारातच लिहावी. १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा जुन्या भाडेकरूच्या भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ देतो. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्याला अशी कसलीच मर्यादा नाही. अकरा महिने संपले की मालक सांगेल तो आकडा, नाहीतर बॅग उचला. संसार मांडायचा असलेलं जोडपं अशा घरात येईल कशाला? मुलाचं नाव शाळेत घालायचं तरी कुठल्या भरवशावर?

रस्त्याकडचा तळमजला मात्र गाळ्यांसाठीच ठेवायला लावा, गाड्या मागे किंवा तळघरात जाऊ देत. त्या गाळ्यांवर पहिला हक्क आधीच्या दुकानदारांचा असावा. आमचा इस्त्रीवाला हल्ली लांब शहराच्या टोकाला, धायरीहून येतो आणि जिन्याखाली टेबल टाकतो.

आमच्याच गल्लीत आणखी दोन वाड्यांना पत्रे लागले आहेत. त्यांचे नकाशे मंजूर होण्याआधी या अटी नियमावलीत याव्यात, ही विनंती.

आपला,
शुक्रवार पेठेतला एक भाडेकरू