कापूस यवतमाळचा, शिलाई ढाक्याची: वस्त्रोद्योगमंत्र्यांना खुले पत्र

मा. वस्त्रोद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

सादर नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यात आमची कोरडवाहू शेती आहे. कापसाच्या भावाबद्दल आपल्याला पत्रे येतच असतील. मी वेगळ्या विषयावर, तयार कपडे शिवणाऱ्या कारखान्यांबद्दल, लिहिते आहे.

मे २०२५ मध्ये केंद्राने बांगलादेशातून येणाऱ्या तयार कपड्यांना खुष्कीचा मार्ग बंद केला आणि न्हावाशेवा व कोलकाता ही दोनच बंदरे मोकळी ठेवली. म्हणजे ढाक्यात शिवलेला शर्ट थेट आपल्या उरण तालुक्यात उतरू लागला. ज्या देशातून तो येतो तिथे कापूस जवळजवळ पिकतच नाही. भारत, ब्राझील, आफ्रिका, अमेरिका, मिळेल तिथून ते रुई आणतात आणि तरीही तयार कपड्यांची त्यांची निर्यात भारताच्या दुपटीहून अधिक आहे.

हे नुसत्या स्वस्त मजुरीवर झाले असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. मला ते पटत नाही. स्वस्त मजुरी तर विदर्भातही होती.

१९७९ च्या सुमारास चितगावच्या ‘देश गारमेंट्स’ने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला. कोरियाला तेव्हा कपड्यांच्या निर्यातीवर खरेदीदार देशांनी घातलेली कोट्याची मर्यादा होती, बांगलादेशाला नव्हती. करारानुसार सव्वाशेहून अधिक माणसे सहा महिन्यांसाठी बुसानला शिकायला गेली. शर्टाची लाईन कशी लावायची, कॉलर कोणी, कफ कोणी, तपासणी कुठे, माल वेळेत कसा काढायचा, हे सगळे ती मशीनवर बसून शिकली. परतल्यावर काही वर्षांतच त्यांतल्या अनेकांनी ‘देश’ सोडून स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांचे उभे करून दिले. सरकारनेही दोन गोष्टी चोख केल्या: निर्यातीसाठीचे कापड शुल्काविना आणू दिले आणि हातातल्या ऑर्डरच्या तारणावर बँकांना कापडखरेदीची पतपत्रे (एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी) काढू दिली. भांडवल नसलेला माणूसही त्यामुळे धंद्यात उतरू शकला.

त्याच काळात आपण तयार कपड्यांचे काम लघुउद्योगांसाठी राखून ठेवले होते. ते २००० च्या सुमारास खुले झाले, होजिअरीचे आणखी नंतर. हेतू चांगला असेल, पण मोठ्या ऑर्डर घेणारे कारखाने तोवर दुसरीकडे उभे राहिले होते. कपड्यांची मोठी निर्यात करणारा व्हिएतनामही कापूस पिकवणारा देश नव्हे. १९८६ च्या आर्थिक सुधारणांच्या वेळी तो गरिबीने गांजलेला होता. आज त्याचे दरडोई उत्पन्न आपल्या पुढे आहे.

बांगलादेशात सुमारे चाळीस लाख लोक या धंद्यात आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक बायका. कारखान्यांच्या आसपासच्या गावांत मुली जास्त शिकतात आणि त्यांची लग्ने उशिरा होतात, असे अभ्यासकांना आढळले आहे. २०२५ च्या मानव विकास अहवालात भारत आणि बांगलादेश दोघेही १३० व्या क्रमांकावर आहेत. सरासरी आयुर्मान त्यांचे जास्त.

त्यांचे सगळेच उचलावे असे मी मुळीच म्हणत नाही. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळच्या साभार (सावर) गावातली, कपड्यांचे कारखाने असलेली राणा प्लाझा इमारत कोसळून ११०० हून अधिक कामगार गेले. भिंतींना तडे आदल्याच दिवशी दिसले होते, तरी सकाळी त्यांना कामावर बोलावले. असली प्रगती आम्हाला नको.

आता अमरावतीचे बोलते. नांदगाव पेठला पीएम मित्र पार्क, म्हणजे केंद्राच्या योजनेतली वस्त्रोद्योग वसाहत, होणार आहे. त्याची पायाभरणी सप्टेंबर २०२४ मध्ये झाली. तेव्हापासून ऐकतो ते एकर, कोटी आणि सामंजस्य करार. कामावर जाणाऱ्या मुलीची अडचण फार साधी असते: शिफ्ट सुटल्यावर एसटी आहे का, वसतिगृह सुरक्षित आहे का, मूल कुठे ठेवायचे? आयटीआयत ती जुन्या मशीनवर शिवण शिकते आणि कारखान्याच्या लाईनवर पहिल्या आठवड्यातच गांगरते. पार्कच्या रस्त्यांवर खर्च कराल तेवढ्याच तळमळीने विदर्भातील मुलींची पहिली तुकडी चांगल्या चालत्या कारखान्यात, तमिळनाडूतले तिरुपूर असो की परदेश, पगारासह शिकायला पाठवा. पुढच्या तुकड्यांना त्याच शिकवतील.

आणि दर सहा महिन्यांनी जाहीर करा: किती जणी शिकल्या, वर्षभरानंतर किती कामावर टिकल्या, हातात किती पगार पडतो आणि इमारतींची तपासणी कोणी, कधी केली. गुंतवणुकीचे आकडे त्यानंतर सांगा.

कळावे.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातील एक शेतकरी