तो व्हिडिओ आधी काढून टाका

प्रति,
मा. व्यवस्थापक,
परदेश सहल विभाग,
दादर (पश्चिम), मुंबई

विषय: तुर्कमेनिस्तान सहलीत स्थानिक गाइडच्या नकळत केलेले चित्रण ताबडतोब काढून टाकण्याबाबत, तसेच सहलीतील अन्य तक्रारी

स. न. वि. वि.

तुमच्या मध्य आशिया सहलीत आम्ही पतीपत्नी होतो. समरकंद, बुखारा झाल्यावर फराबच्या सीमेवरून आपला गट तुर्कमेनिस्तानात गेला. सहलीची तारीख, गटाचा क्रमांक आणि आमची पावती सोबतच्या बंद पाकिटात आहे. या पत्रात ते तपशील मुद्दाम लिहिलेले नाहीत, कारण हे पत्र तुमच्या ऑफिसात किती जणांच्या हातून फिरेल याचा मला अंदाज नाही. आपल्या स्थानिक गाइडचे नाव, वय, बाई की पुरुष, हेही मी लिहिणार नाही. कृपा करून तुमच्या उत्तरातही ते लिहू नका.

पैशांच्या तक्रारी आहेत, त्या खाली मांडते. आधी व्हिडिओचे बोलू.

एका रात्री लांबच्या प्रवासात बसमधले दिवे मालवले होते आणि निम्मी मंडळी झोपली होती. तुमचा टूर मॅनेजर सर्वांत पुढे गाइडशेजारी बसला होता आणि मी त्यांच्या बरोबर मागे. बोलता बोलता त्याने देशातल्या परिस्थितीबद्दल विचारले. उत्तर देण्याआधी गाइडने त्याच्या हातातल्या फोनकडे बोट दाखवले आणि इंग्रजीत विचारले, बंद आहे ना? तो म्हणाला, हो, हो, बंद आहे. मग त्याने तो फोन समोरच्या फळीवर पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा ठेवला. ड्रायव्हरजवळच्या निळ्या दिव्याचा उजेड गाइडच्या चेहऱ्यावर पडत होता. त्यानंतर जे बोलणे झाले ते दोन-तीन मिनिटांचे असेल, अगदी हलक्या आवाजात. ते एका माणसाने दुसऱ्यावर विश्वास ठेवून सांगितले होते. मीही ते कानांनी ऐकले आहे आणि ते इथे लिहिणार नाही.

परत आल्यावर तेच बोलणे तुमच्या पानावर रील म्हणून दिसले. चेहरा स्पष्ट, आवाज स्पष्ट, खाली मराठी ओळी, कोपऱ्यात तुमच्या कंपनीचे चिन्ह आणि वर ठळक अक्षरांत 'जगापासून लपवलेलं सत्य!'. फोन बंद आहे ना, हा प्रश्न तेवढा कापलेला आहे. म्हणजे तो कापणाऱ्याला त्याचा अर्थ पुरता कळला होता.

मी तुमच्या ऑफिसात फोन केला. तिकडच्या मुलीने मला सांगितले, 'काकू, किती छान चाललाय तो व्हिडिओ! आणि मराठीत आहे ना, तिकडे कोण बघणार?'

कोण बघणार ते सांगते. त्या देशाचा पर्यटक व्हिसा मिळवायला आपल्याला तिथल्या परवानाधारक सहल कंपनीमार्फत आमंत्रणपत्र काढावे लागले होते. ते त्यांचे स्थलांतर खाते देते, आणि नकार दिला तर कारण सांगत नाही. आपल्या गटातल्या प्रत्येकाचे नाव, पासपोर्ट, मार्ग, हॉटेले, सगळे त्यांच्या दप्तरी आहे. पर्यटक व्हिसावरच्या गटाला गाइडशिवाय देशात प्रवास करता येत नाही, त्यामुळे कोणत्या गटाबरोबर कोण होते हेही तिथे नोंदलेले असते. तुमच्या रीलवर कंपनीचे नाव आहे, मागच्या सीटवर आपल्या मंडळींचे चेहरे आहेत. माणूस शोधायला किती वेळ लागेल? बोलणे मुळात इंग्रजीत आहे. मराठी ओळींचा आडोसा कसला घेता?

इन्स्टाग्राम तिथे बंद असते, असेही मला ऐकवण्यात आले. ते बंद असते सामान्य माणसांना. पाळत ठेवणाऱ्यांना नाही.

तुमच्यापैकी कुणाला हे वाढवून सांगितल्यासारखे वाटत असेल, तर नुरगेल्दी हालिकोव हे नाव शोधून पाहा. 2020 च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे पथक राजधानी अश्गाबातला आले होते. सरकार तेव्हा देशात कोविडचा एकही रुग्ण नाही असे सांगत होते. या तरुणाने त्या पथकाचा एक फोटो परदेशातून चालणाऱ्या तुर्कमेन वृत्तसंस्थेला पाठवला. त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. कागदोपत्री गुन्हा कर्ज बुडवल्याचा. तो सुटला 2024 मध्ये. फोटो एक, आणि तोही दुसऱ्याने काढलेला.

त्याआधीची गोष्ट ओगुलसापार मुरादोवा यांची. त्या रेडिओच्या पत्रकार होत्या. फ्रान्सच्या टीव्हीच्या लोकांना चित्रीकरणात मदत केली म्हणून 2006 मध्ये त्यांना दोन सहकाऱ्यांसह पकडले, शिक्षा झाली बेकायदा दारूगोळा बाळगल्याची, आणि त्याच सप्टेंबरमध्ये त्या कोठडीत वारल्या. परदेशी लोक कॅमेरा घेऊन आले, चित्रण करून सुखरूप घरी गेले, आणि मागे राहिलेल्यांनी भोगले. आपण नेमके तेच करून आलो आहोत, फक्त आपल्याकडे पत्रकारितेचे कारणसुद्धा नाही. तुमचे कारण पुढच्या सहलीची जाहिरात. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, तशातली ही गत आहे.

तिथून निघून जाणेही सोपे नाही. पासपोर्ट, व्हिसा हातात असलेल्या नागरिकांना विमानतळावरून परत पाठवल्याची उदाहरणे मानवाधिकार संघटनांनी वर्षानुवर्षे नोंदवली आहेत. आपल्या गाइडला आई-वडील असतील, भावंडे असतील. तिथे एकावर राग धरला की घरच्यांनाही झळ लागते.

तेव्हा माझी पहिली मागणी: रील आज काढा. 'आज' म्हणजे हे पत्र वाचाल त्या दिवशी, वरिष्ठांच्या बैठकीनंतर नव्हे. फेसबुक आणि यूट्यूबवरच्या प्रती काढा, तुमच्या एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जाहिरात म्हणून तो फिरतो आहे तिथूनही काढायला लावा, आणि मूळ चित्रण टूर मॅनेजरच्या फोनमधून व तुमच्या एडिटरच्या कॉम्प्युटरमधून पुसा. आणखी एक, ते जास्त महत्त्वाचे आहे. घाईघाईने त्या गाइडला फोन किंवा मेसेज करून 'तुमच्या व्हिडिओबद्दल क्षमस्व' असे काही कळवू नका. परदेशातून आलेला तसा मेसेज हाच पुरावा ठरेल. जाहीर माफीही नको. माफीच्या निमित्ताने लोक जुना व्हिडिओ हुडकतात. गुपचूप काढा आणि मला लेखी कळवा.

त्या टूर मॅनेजरवर तुम्ही काय कारवाई करायची ते तुम्ही ठरवा. पण तो मुलगा तिशीच्या आतला आहे, आणि निघण्यापूर्वी त्याला तुम्ही काय शिकवून पाठवले होते, हे मला विचारायचे आहे. अश्गाबातमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादाचा फोटो काढायला मनाई आहे, हे त्याला माहीत नव्हते. आपल्यातल्या एकाने फोटो काढला, आणि पोलिसाने त्या प्रवाशाला एक शब्द न बोलता गाइडला बाजूला घेतले. आम्ही बसच्या काचेतून बघत होतो. मान खाली घालून ऐकत राहिलेली ती व्यक्ती परत आली तेव्हा हसून म्हणाली, सगळे ठीक आहे. डॉलरचा सरकारी दर 2015 पासून साडेतीन 'मनात' (तिथले चलन) आहे आणि बाजारात त्याच्या कितीतरी पट मिळतात. तर तुमच्या मॅनेजरने सगळ्यांसमोर गाइडलाच सांगितले, आमच्या लोकांना जरा बाहेरून पैसे बदलून द्या. तिथे तो गुन्हा आहे. प्रत्येक वेळी चूक आपल्या बाजूची, आणि उत्तर द्यायला पुढे गाइड.

तिथे कडक नियम आहेत ही माझी तक्रार नाही. ते जाणूनच मी गेले होते. पांढऱ्या संगमरवराच्या इमारतींची ती रांग, त्यासाठी 2013 मध्ये गिनेसमध्ये नोंद झालेले ते शहर, रुंद रस्त्यांवर माणूस म्हणून दिसत होत्या त्या चेहरा फडक्याने झाकून झाडणाऱ्या बायका. नेत्याच्या आवडत्या अलाबाय कुत्र्याचा सोन्याने मढवलेला पुतळा. आणि दुसरीकडे मेर्व या प्राचीन शहराचे मातीचे तट, जिथे उभे राहिले की दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी रस्ता डोळ्यांपुढे येतो. हे पाहायला मिळाले याचे मोल मला आहे. म्हणूनच राग जास्त येतो. असा देश दाखवायचा तर त्याची पूर्ण माहिती देऊन दाखवा.

तुमच्या माहितीपत्रकात लिहिले होते, 'संध्याकाळी मनसोक्त भटकंती'. आम्हाला गाइडशिवाय भटकता आले नाही आणि रात्री अकराच्या सुमारास शहर बंद होते. 'तुर्कमेन कुटुंबासोबत जेवण' छापले होते. परवानगी मिळाली नाही आणि हॉटेलातच जेवलो. गटातल्या एका ज्येष्ठ जोडप्याचे आमंत्रणपत्र नाकारले गेले हे त्यांना बुखाऱ्यात ऐनवेळी कळवले, आणि त्यांचे पैसे अजून अडकले आहेत. त्यांच्या वतीनेही मी लिहिते आहे, त्यांचे संमतीपत्र पाकिटात आहे. व्हॉट्सअॅप चालत नाही हे आधी सांगितले असते तर पार्ल्यात आमच्या सुनेने काळजीने तुमच्या ऑफिसला रात्री फोन केले नसते. झोपेच्या गोळ्या सीमेवर काढून घेतल्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा एवढे सांगणारेही कुणी नव्हते. दरवाझाच्या जळत्या वायूच्या खड्ड्यातल्या ज्वाळा तुमच्या फोटोपेक्षा पुष्कळ कमी झाल्या आहेत. त्याबद्दल मी भांडत नाही, पण फोटो बदला.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 प्रमाणे ग्राहकापासून आवश्यक माहिती जाणूनबुजून दडवणे ही सेवेतील त्रुटी ठरते. न दिलेल्या जेवणाचे आणि भटकंतीचे पैसे आम्हाला, व त्या जोडप्याचे तुर्कमेनिस्तानच्या टप्प्याचे पूर्ण पैसे त्यांना परत मिळावेत. तीस दिवसांत निकाल न लागल्यास मी मुंबई ग्राहक पंचायतीकडे आणि गरज पडल्यास जिल्हा आयोगाकडे जाईन.

तुमच्या नव्या पत्रकात 'लवकरच उत्तर कोरिया' अशी ओळ वाचली. तिथे 2016 मध्ये हॉटेलातले एक प्रचाराचे पोस्टर चोरू पाहिल्याच्या आरोपावरून ओटो वॉर्मबियर या अमेरिकन विद्यार्थ्याला 15 वर्षे सक्तमजुरी सुनावली होती. 2017 मध्ये तो बेशुद्धावस्थेत घरी आला आणि काही दिवसांत गेला. ती सहल विकण्याआधी तुमच्या प्रत्येक टूर मॅनेजरला आणि प्रत्येक प्रवाशाला स्वच्छ मराठीत लेखी सूचना द्या: काय विचारायचे नाही, कशाचा फोटो काढायचा नाही, आणि कुणाचा चेहरा कुठेही टाकायचा नाही. ती छापलेली प्रत मला पाठवा.

पैशांच्या उत्तराला तुमचे तीस दिवस घ्या. व्हिडिओबाबत मात्र उद्या संध्याकाळपर्यंत लेखी उत्तर हवे, फोन नको.

कळावे,

आपली,
मध्य आशिया सहलीतील एक प्रवासी
विलेपार्ले (पूर्व), मुंबई

सोबत: बंद पाकिटात पावती, माहितीपत्रकाची प्रत, सहप्रवाशांचे संमतीपत्र. (रीलची प्रत मुद्दाम जोडलेली नाही.)