बाई, तुमची कात्री

ती. बाईंना,
सा. न. वि. वि.

पत्रात नाव घालत नाही. चारचौघांत कौतुक केलेलं तुम्हाला खपत नाही, हे आठवीपासून माहीत आहे.

काल सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. निबंध 'पावसाळ्यातील एक दिवस'. एका पोरीने दीड पानात नऊ वेळा 'तसेच' लिहिलं होतं. खूप पाऊस पडला. तसेच शाळेला सुट्टी मिळाली. तसेच आजी घसरून पडली. आजी पडली तरी 'तसेच'! लाल पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं, कारण १९९७ साली असलाच निबंध मी तुमच्या टेबलावर ठेवला होता. माझं फक्त 'आणि' होतं.

तुम्ही त्यावर एकही खूण केली नाहीत. कात्री काढलीत, पान वाक्यावाक्याला कापलंत आणि पट्ट्या माझ्या शेजारणीला दिल्यात. "लाव बघू." तिने भलत्याच क्रमाने लावल्या आणि निबंधाला काहीसुद्धा झालं नाही! तुम्ही एवढंच म्हणालात, "कसाही लावला तरी चालतोय, म्हणजे तू काही सांगितलंच नाहीस." मी रडले. खरं सांगते, निबंधासाठी नव्हे, वहीचं पान गेलं म्हणून.

उभयान्वयी अव्ययांचे प्रकार तर आम्हाला तोंडपाठ होते. समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक, परिणामबोधक. व्याकरणात पैकीच्या पैकी आणि निबंधात 'आणि'ची रांग. तुम्ही फळ्यावर दोनच वाक्यं लिहिलीत. 'विहिरीला पाणी आहे, पण दोर तोकडा आहे.' 'दोर तोकडा आहे, पण विहिरीला पाणी आहे.' मग विचारलंत, "यातला कोण पाणी भरील?" सगळा वर्ग ओरडला, दुसरा! 'पण'च्या पुढे जे येतं तिकडे वाक्य झुकतं, हे त्या दिवशी कळलं. 'न्यूनत्वबोधक' घोकून जन्मात कळलं नसतं.

'म्हणून'चंही तसंच. 'पाऊस यावा म्हणून नवस केला', 'पाऊस आला म्हणून नवस फेडला.' एकात हेतू, दुसऱ्यात परिणाम, शब्द एकच. आणि पुष्कळदा वेगळा शब्द लागतच नाही. 'आल्यामुळे', 'आल्यावर', 'येऊनही'... मराठीत सांधा क्रियापदाच्या पोटातच असतो. हे कुठल्या गाईडात होतं?

नंतर मला जोर चढला. 'तथापि', 'किंबहुना', 'तद्वतच' पेरत सुटले. समासात तुमचं बारीक अक्षर: 'किंबहुना म्हणजे काय ते तोंडी सांग, मग ठेव.' सांगता येईना. खोडलं. (काही अग्रलेख वाचताना अजूनही हे विचारावंसं वाटतं.) 'सबब' मात्र मला फार आवडायचा. अरबीतून आलेला, आणि आता रजेच्या अर्जात बसून राहिलेला. तुम्ही म्हणायचात, त्याला तिथंच सुखानं राहू द्या.

तर आज त्या पोरीच्या निबंधाची झेरॉक्स काढून पट्ट्या केल्या. मूळ कागद कापायचं धाडस अजून माझ्यात नाही. आजीची पट्टी कुठे लावायची यावर वर्गात भांडण जुंपलं. शेवटी तिनेच नवं वाक्य लिहिलं: 'अंगणाला शेवाळ धरलं होतं, तरी आजी तुळशीला पाणी घालायला गेली आणि घसरली.' मी विचारलं, "'तरी' का गं?" तर म्हणे, "आम्ही सगळे नको नको म्हणत होतो ना, बाई."

तुमचे आभार तेव्हाच मानायला हवे होते. तेव्हा मी पानासाठी रुसले होते. आज मानते, मनापासून.

दिवाळीची सुट्टी आता लागेलच. सबब, एक दिवस घरी येण्याची परवानगी असावी. पट्ट्या घेऊन येते. कात्री तुमच्याकडे असेलच.

आपली,
'आणि'वाली