निपाणीच्या विडी कामगार बायकांसाठी केंद्रीय श्रममंत्र्यांना खुले पत्र

माननीय केंद्रीय श्रम व रोजगार मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

कोल्हापूरहून महामार्गाने बेळगावकडे निघालं की कागल, मग कोगनोळीचा नाका आणि पुढे आमची निपाणी. आम्ही कर्नाटकात राहतो, घरात मराठी बोलतो. शहराला लागून असलेलं देवचंद महाविद्यालय मात्र महाराष्ट्रात, कागल तालुक्यात आहे. हद्दीवरचं हे जगणं आमच्या अंगवळणी पडलं आहे. आज लिहिते आहे ते गावाच्या पोटापाण्याबद्दल.

माझी आई विडी कामगार. मांडीवर सूप, हातात कात्री, शेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. हजार विड्या झाल्या की दिवस भरायचा. शाळेतून आल्यावर मी विड्यांची तोंडं मुडपायला बसायचे. संध्याकाळी माल द्यायला गेलं की छाट निघायची. वाकडी, सैल, आखूड अशी विडी बाजूला काढत, आणि तिचे पैसे मिळत नसत. छाट जास्त निघाली त्या दिवशी आई घरी येऊन कुणाशी बोलायची नाही. माझ्या वह्या-पुस्तकांचे पैसे त्याच सुपातून आले.

हे गाव तंबाखूनं मोठं केलं. शेतकऱ्याचं पीक, व्यापाऱ्याची वखार, वखारीत धुरळा खात तंबाखू चाळणाऱ्या बायका आणि घरोघरी विडी, सगळे एकाच दोरीत ओवलेले. १९८१ साली दरासाठी शेतकरी महामार्गावर बसले तेव्हा विडी कामगार बायकाही त्यांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. आमच्याकडे ती तारीख अजून कुणी विसरलेलं नाही.

आता ती दोरी सुटत चालली आहे. पाणी आलं तिथं तंबाखूच्या जागी ऊस उभा राहिला. विडीची मागणी घटली. पोरं कागलच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जातात, शिकलेली पुण्याला. २००१ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे ५८ हजार होती, २०११ मध्ये सुमारे ६३ हजार. त्या दहा वर्षांत देश जवळपास १८ टक्क्यांनी वाढला, आम्ही त्याच्या निम्म्यानंही नाही. २०१८ मध्ये निपाणी तालुका झाला, कचेऱ्या आल्या. पण आमच्या गल्लीत संध्याकाळी दारात बसलेली माणसं पाहिली तर ती बहुतेक साठीच्या पुढचीच दिसतात.

विडी वाचवा, असं मी म्हणणार नाही. माझ्या मैत्रिणींपैकी एकीनंही हे काम धरलं नाही याचा मला आनंदच आहे. ज्या धंद्यानं आईला खोकला दिला तो माझ्या मुलीला नको. पण ज्यांनी आयुष्यभर विड्या वळल्या त्यांचं काय?

घरी बसून विड्या वळणारी बाईही कामगारच आहे, तिला भविष्य निर्वाह निधीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं. कागदावर हक्क आला. पण ठेकेदार बदलला की नोंद तुटली. एका कागदावर लग्नाआधीचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. जन्मतारीख तर तिन्ही कागदांवर तीन. पेन्शनला दहा वर्षांची नोकरी लागते. आईनं चाळीस वर्षांच्या वर काम केलं, तरी ती दहा वर्षं सिद्ध करायला आम्हाला चकरा मारून मारून नको झालं. तिला सांगतात कन्नडमध्ये, अर्ज असतो इंग्रजीत, आणि तिला वाचता येतं ते थोडंफार मराठी. इतकं करून हाती येणारी किमान पेन्शन महिना एक हजार रुपये. २०१४ मध्ये ठरलेला आकडा आहे हा.

विडीवर उपकर होता, त्यातून दवाखाने चालत, मुलांना शिष्यवृत्ती मिळे. मलाही मिळाली होती. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उपकर गेला. विडीवर कर बसतोच आहे, पण त्यातला अमुक वाटा विडी वळणारीचा, असं आता कुणी बांधून दिलेलं नाही. तो वाटा कायद्यानं पुन्हा बांधून द्या. जुना १९६६ चा विडी कामगार कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. तिथं या बायका गर्दीत हरवू नयेत, एवढं पाहा.

आणि नोंदी दुरुस्त करणारी माणसं निपाणीत पाठवा. मराठी बोलणारी, महिनाभर बसणारी, एका दिवसाचं शिबिर करून परत जाणारी नकोत. शेजारच्या दोन बायकांची साक्ष पुरावा म्हणून धरा, कारण या कामाचा पुरावा बहुतेक शेजारणींकडेच आहे. ज्या चाळिशीत आहेत त्यांना शिवणाचं प्रमाणपत्र देऊन मोकळं होऊ नका. कागलला पाळीवर जायचं तर रात्री परतायला बस हवी, लहान मुलांना पाळणाघर हवं. हद्द ओलांडून कामाला जाणाऱ्या बाईचं गाऱ्हाणं ऐकायचं कुणी, हे दोन्ही राज्यांना एकत्र बसवून आपणच ठरवू शकता.

आईनं सूप चार वर्षांपूर्वी भिंतीला टांगलं. तिचा अर्ज अजून 'नाव जुळत नाही' या शेऱ्यावर थांबला आहे.

आपली नम्र,
निपाणीतील एका विडी कामगाराची मुलगी