समुपदेशनाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी
इंदूरच्या आपल्या मंडळातल्या सगळ्या मैत्रिणींनो, भिशीच्या दिवशी दोघींनी जिन्यात थांबवून समुपदेशनाच्या पहिल्या भेटीत काय होतं असं हळूच विचारलं, म्हणून सगळ्यांसाठीच लिहिते. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते. झोप, भूक, घरची माणसं, आधीची दुखणी असं बरंच विचारतात. रडू आलं तर येऊ द्या. एखाद्या प्रश्नाला 'आज नको' म्हणता येतं. बोललेलं गुप्त राहतं. जिवाला धोका असेल तेव्हा मात्र समुपदेशकाला इतरांना कळवावं लागतं, ते आधीच नीट विचारून घ्या. घरी आल्यावर हलकं वाटण्याऐवजी थकवाही येतो, म्हणून घाबरून सोडू नका. तीन-चारदा जाऊनही सूर जुळला नाही, तर समुपदेशक खुशाल बदला. औषधं मनोविकारतज्ज्ञ देतात. रात्री-अपरात्री जीव घाबरला तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. चोवीस तास, मोफत. सोबत हवी असेल तर मला सांगा, दारापर्यंत येईन.