सुमे, वाकण्याआधी सरळ

वडगाव, बेळगाव

प्रिय सुमन,

फोनवर तू फिरून फिरून एकच विचारत होतीस, "गुडघ्याचा सांधा बदलल्यावर मांडी घालून बसता येतं का गं?" नाही येत. काहीजणींना जमतं म्हणे, पण डॉक्टर नको म्हणतात आणि मीही त्या वाटेला जात नाही. मांडी, उकिडवं बसणं, खाली बसून भाकऱ्या थापणं, हे सगळं संपलं असं समजूनच ऑपरेशनला जा. पूजेला मी स्टुलावर बसते, हळदीकुंकवाला गेले की खुर्ची मागून घेते. देवाला चालतं, चार बायकांना जरा खटकतं. खटकू दे.

मला सांगायचंय ते वेगळंच. आपल्याकडे जो तो गुडघा वाकतो किती ते विचारतो. सरळ होतो का, हे कुणी विचारत नाही, आणि चालणं तर सगळं त्याच्यावर. गुडघा पुरता सरळ झाला नाही तर नुसतं उभं राहायलाही मांडीचे स्नायू ताणून धरावे लागतात. चार पावलं टाकली की पाय भरून येतो, लंगडणं काही सुटत नाही, मग आतला सांधा कितीही भारीतला असू दे. वाकणं हळूहळू वाढत जातं. सरळ करायचं मात्र पहिल्या काही आठवड्यांत राहून गेलं तर पुढे फार जड जातं.

त्यात आपल्याच माणसांची माया आडवी येते. भेटायला आलेली बाई कुंद्याचा पुडा टेबलावर ठेवते न ठेवते तोच "पाय असा ताठ कशाला गं?" म्हणून गुडघ्याखाली उशी सरकवणार. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? कळ लगेच कमी होते. पण तसंच पडून राहिलं की गुडघा वाकलेलाच आखडतो. उशी घ्यायची ती टाचेखाली. गुडघा मध्ये अधांतरी, आणि मग मांडी आवळून तो खाली गादीकडे दाबायचा. दहा म्हणेपर्यंत धरायचा, सोडायचा, परत. सुनेनं शेवटी जास्तीच्या उश्या खोलीतून उचलूनच नेल्या.

व्यायाम घ्यायला येणारी मुलगी गोकाककडची. तिचं मराठी तोडकं, माझं कन्नड बाजारापुरतं. ती "इन्नू स्वल्प, आंटी, इन्नू स्वल्प", म्हणजे अजून थोडं, म्हणत पाय दाबायची आणि मी "साकु गं बाई, साकु!", पुरे पुरे, म्हणून ओरडायची. मागच्या घरातले माग खडखडत असतात म्हणून बरं, नाहीतर गल्ली गोळा झाली असती. तिच्याकडे कोन मोजायचं एक साधन आहे, कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोन लांब पट्ट्या जोडाव्यात तसं. मधला खिळा गुडघ्याच्या बाजूला धरायचा, एक पट्टी खुब्याच्या हाडाकडे, दुसरी बाहेरच्या घोट्याकडे. जन्मभर मी पोरांचे कोन तपासले, आता ही पोर माझा तपासते! सुरुवातीला सरळ व्हायला आठ-दहा अंश कमी पडत होते. तिनं तोच आकडा कॅलेंडरवर लिहायला लावला. वाकण्याचा तिला तितका घोर नव्हता. नव्वदपर्यंत आलं की खुर्चीवर नीट बसता येतं, एकशेदहाच्या आसपास गेलं की जिने-रिक्षा सगळं जमतं, आधी शून्य आणा म्हणाली. शून्य मिळवायला एवढं झगडावं लागेल असं गणिताच्या बाईला कधी वाटलं नव्हतं बघ.

आता तुझ्या तयारीचं. पहिली तुझी साखर. उपाशीपोटीची नव्हे, तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती एचबीएवनसी करून घे. साडेसात-आठच्या वर असली तर बरेच सर्जन तारीखच पुढे ढकलतात, आणि ते बरोबर आहे. साखर चढलेली असली की जखम भरत नाही, पू धरायची भीती वाढते, आणि नव्या सांध्याला जंतू लागले तर निस्तरणं महाकठीण. म्हणूनच ती किडकी दाढ आधी बघून घे, लघवीची जळजळ असेल तर तेही सांग. दातातले जंतू रक्तातून सांध्यापर्यंत पोचू शकतात. आणि मिश्री. रागावू नकोस, पण डॉक्टरांसमोर ती लपवूही नकोस. तंबाखूनं जखम भरायला वेळ लागतो, आतापासूनच सोडायला लाग. रक्त पातळ करायची गोळी घेत असशील तर आपल्या मनानं बंद करायची नाही, ती गोळी देणाऱ्या आणि ऑपरेशन करणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना विचारायचं. मांडी आवळायचा व्यायाम मात्र आजपासूनच सुरू कर. आधी कमावलेली ताकद नंतर कामाला येते.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, असं विचारलंस. मी पहिल्यांदा जिथं दाखवलं तिथं एक्स-रे उजेडावर धरून पाच मिनिटांत "दोन्ही करून टाकू" म्हणाले. मी सरळ उठून आले. नुसत्या एक्स-रेवर कुणी ऑपरेशन ठरवू नये. रात्री दुखून झोप मोडते का, चालणं कुठवर आलंय, गोळ्या, व्यायाम, वजन सगळं करून झालंय का, हे कुणी विचारायला नको? दोन्ही एकदम काहींना चालतं, पण हृदय, साखर, वय सगळं चांगलं लागतं. तुझ्या साखरेला मी तरी एकेकच म्हणेन. डॉक्टर काय म्हणतात ते बघ.

खर्चाचंही सांगते. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर केंद्र सरकारनं २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला तेव्हा जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरले. त्याआधी तोच दीड लाखाच्या पुढे जायचा. पण ही मर्यादा सांध्यापुरतीच. खोली, भूल, सर्जनची फी, औषधं वेगळी. म्हणून सगळं धरून किती, ते लेखी माग.

ऑपरेशनचं फार मनावर घेऊ नकोस. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखाली बधिर करतात. सगळा गुडघा कापून काढतात हे तुला कुणी सांगितलं? झिजलेल्या हाडांची टोकं साधारण आठ-दहा मिलिमीटर तासून त्यावर धातू बसवतात, मध्ये प्लॅस्टिकची चकती. त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतात.

खरं अवघड ते रात्रीचं. पाय कुठं ठेवावा कळत नाही, झोप येत नाही, उगाच रडू येतं. हे सगळ्यांचं होतं, पण आधी कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कळ यायची वाट बघत बसायचं नाही. त्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही, त्याचंही औषध मागून घे. बर्फ फडक्यात गुंडाळून लाव. टाके काढले तरी सूज आणि ऊब काही महिने राहते. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला कातडी बधिर लागते, चालताना आत टकटक वाजतं, त्यानं घाबरायचं नाही. घाबरायचं ते पोटरी सुजून दुखायला लागली, धाप लागली, ताप आला, किंवा जखमेतून पाणी यायला लागलं तर. तेव्हा सकाळ व्हायची वाट बघू नकोस.

जिन्याचं एकच लक्षात ठेव, चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी.

तारीख दिवाळीनंतरची घे. खानापूरच्या पावसात तुमच्या अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरतं, तिथं वॉकर घेऊन जाणं म्हणजे दुसरा पाय मोडून घेणं. पायपुसणी, सतरंज्या सगळ्या गुंडाळून माळ्यावर टाक. उंच, हातांची खुर्ची हवी, मऊ सोफा नको. आणि मागच्या दारचा संडास! जावईबापू "बघू, करू" म्हणतात ते मला माहीत आहे. कमोड बसून भिंतीला धरायचा दांडा लागल्याशिवाय दवाखान्यात पाऊल ठेवू नकोस, गवंडी मी इथून पाठवते हवं तर. तपासण्यांचे कागद आले की साखरेचा आकडा तेवढा फोनवर सांग.

तुझी,
मालती