रंग काढला की कृष्णधवल होत नाही

मा. संपादक,
स.न.

फोटो काढणाऱ्या माणसांची कृष्णधवल चित्रे आपल्या पुरवणीत आली, याचा आनंद वाटला. पण बहुतेक चित्रांत मोबाइलचा पडदा पांढराफटक पडला आहे आणि चेहरे काळवंडले आहेत. दोन्ही दोष टाळता येतात.

गेटवे ऑफ इंडियाच्या चौकात उन्हात फुलफ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्याला ३५ मिमी भिंग, आयएसओ (प्रकाश-संवेदनशीलता) ४००, भिंगाचे छिद्र एफ/११, शटरचा वेग १/८०० सेकंद हे गणित जमते. फोकस हातानेच अडीच मीटरवर ठेवावा. दीड ते साडेसात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. ऑटोफोकस नेमका पुढे आलेल्या हातावर अडकतो आणि तो क्षण निसटतो. सेल्फी घेणाऱ्याच्या समोर उभे राहिल्यास फोन चेहरा झाकतो; बाजूने, तिरके उभे राहावे.

संध्याकाळी पडदा चेहऱ्यापेक्षा कितीतरी उजळ असतो. एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश द्यावा, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) ठेवावी आणि चेहरा नंतर उजळावा. पांढरा जळालेला भाग परत मिळत नाही. नुसता रंग काढून टाकला तर लाल साडी आणि मागची हिरवी झाडे एकाच राखाडीत मिसळतात. लाल छटा वेगळी उजळावी.

वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते, मधल्या छटा गडद होतात. छपाईआधी त्या थोड्या उजळून घ्याव्यात, ही आपल्या चित्रविभागाला कळकळीची विनंती. आणि लहान मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय छापू नयेत.

– एक वाचक, मुंबई